तापलेल्या फरशीवरचं पाणी

मुलांनो, आज पनवेलच्या घरी गच्चीवर पापड वाळत घालताना अनवाणी पाय पोळले आणि तुम्ही न पाहिलेले तुमचे आजोबा आठवले, म्हणून तुमची आजी हे लिहितेय.

हृदयाच्या ऑपरेशनआधी त्यांना श्रीलंकेतल्या अनुराधपूरच्या स्तूपाला हात लावायचा होता. पोचलो ते भर दुपारी, आणि रात्री परतीचं विमान. चपला बाहेरच काढायच्या होत्या. तापलेल्या फरशीवर आजोबा चार पावलांतच थांबले. मी इंग्रजीत सावलीची वाट विचारत होते, ते कुणालाच कळेना. तेवढ्यात बोधिवृक्षाला घालायला पाणी घेऊन निघालेली एक म्हातारी थबकली. तिने आपली घागर कलती केली आणि त्यांच्या पावलांपुढे थोडं थोडं पाणी ओतत ती स्तूपापर्यंत चालली. मी आपली "थँक यू, थँक यू" म्हणतेय.

"अगं, मराठीत बोल," आजोबा हसले, "तिला दोन्ही सारखंच!"

मग त्यांनी त्या पांढऱ्या भिंतीवर तळहात टेकला, तो बराच वेळ उचललाच नाही. तेव्हा वाटलं, दम खाताहेत. आता तसं वाटत नाही.

ऑपरेशननंतर ते घरी आले नाहीत. स्तूप अजून उभा आहे. ती म्हातारीही आता नसेल; ती दुपार पाहिलेली मी एकटी उरले आहे.