चमकीवाले रघूकाका

कार्यक्रमाच्या आधी रघूकाका गाडीच्या आरशात बघून गालांवर चंदेरी चमकी लावत. वय सहासष्ट, ढेरी सुटलेली, कॅनडातल्या हॅमिल्टनच्या स्टील कारखान्यातून रिटायर झालेले. पण जाड तळांचे उंच बूट चढवून ड्रम्सवर बसले की समोरच्याला धडकी भरे. चमकी लावून, उंच बूट घालून वाजवणाऱ्या, सत्तरच्या दशकात गाजलेल्या एका ब्रिटिश ग्लॅम रॉक बँडची गाणी आमचा चौघांचा ग्रुप वाजवायचा. आठवडाभर मी सॉफ्टवेअरमध्ये, शनिवारी दुपारी बास गिटारवर.

काकांचं बालपण इंग्लंडातल्या एका कारखान्यांच्या गावात गेलं. मराठी फक्त कोल्हापूरच्या आईकडून आलेली, त्यामुळे सगळ्यांना ‘लेका’ म्हणत. त्या बँडची सगळी हिट गाणी त्यांना श्वासासकट पाठ. “ही गाणी कानानं नाही लेका, टाचेनं ऐकायची,” असं सांगत. माझा ठेका चुकला की ड्रमची काठी माझ्या पाठीत बसे. डिसेंबरात ग्रोसरीच्या दुकानात त्या बँडचं नाताळचं गाणं लागलं की ट्रॉली थांबवून उभे राहत. आजूबाजूला कुणाला बँडचं नावही ठाऊक नसे. “नाव गेलं तर जाऊ दे. गाणं राहिलंय न्हवं?” म्हणत.

राग मात्र वाईट. एकदा पार्किंगमध्ये कुणीतरी ‘गो होम’ म्हणालं, तर काकांनी त्याच्या गाडीचा आरसा मुठीनं उखडला आणि रक्ताळलेल्या हातानं त्याच दुपारी दोन तास वाजवलं.

गेल्या वर्षीच्या एका शनिवारी आम्ही एका बारमध्ये वाजवत होतो. सगळ्यात गाजलेलं गाणं चालू होतं, सगळा हॉल पाय आपटत होता. पुढे बसलेला एक पिऊन तर्र झालेला माणूस आमच्या गायकाच्या चमकत्या कपड्यांवरून घाण बोलत होता. गायकानं लक्ष दिलं नाही, तशी त्यानं बिअरची बाटली फेकून मारली. गायकाची भुवई फाटली. काका ड्रम्स ओलांडून खाली उतरले. दोन ठोशांत तो माणूस आडवा झाला. तरी काका थांबले नाहीत. त्या जाड बुटानं त्याच्या तोंडावर लाथा घालत राहिले. मी आणि बारवाल्यानं मिळून त्यांना ओढलं, तेव्हा त्यांच्या गालावरच्या चमकीला रक्त चिकटलं होतं.

त्या माणसाचा डावा डोळा गेला.

काका जामिनावर सुटून घरी आल्यावर मी त्यांना भेटायला गेलो. मला पोलिसांना जबाब द्यायचा होता. तो माणूस पुन्हा उठून अंगावर आला, असं मी सांगेन म्हणालो. तेव्हा काकांनी मला कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. चौदाव्या वर्षी ते त्याच बँडच्या कार्यक्रमाला गेले होते. शेजारी उभ्या असलेल्या गोऱ्या पोरांबरोबर दोन तास पाय आपटले, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गायले. बाहेर पडल्यावर त्याच पोरांनी त्यांना गल्लीत पाडलं आणि जबडा मोडला.

“मी आडवा पडलो होतो लेका, तरी ते लाथा घालत होते,” काका म्हणाले. “परवा मीबी तेच केलं. आणि खरं सांगू? करताना मला बरं वाटत होतं. तू खोटं बोलून मला सोडवलंस तर ती पोरंबी निर्दोष झाली.”

मी पोलिसांना पाहिलं तसं सांगितलं: तो माणूस खाली पडला होता, उठला नाही, काकांनी त्यानंतर लाथा घातल्या. काकांनी कोर्टात गुन्हा कबूल केला. त्यांना शिक्षा झाली.

तुरुंगात मी दर महिन्याला त्यांना भेटायला जातो. ते गाण्यांचं नावही काढत नाहीत. समोर बसले की पहिलं विचारतात, त्या माणसाला त्या डोळ्यानं थोडंतरी दिसायला लागलं का? मी नाही म्हणतो. काका मान हलवतात, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच विचारतात.