दिवाणखान्यातली निळी भिंत

आयर्लंडमध्ये, सिटीवेस्टला आम्ही २०२०च्या शेवटी घर विकत घेतलं आणि आईला सांगितलं नाही. बाबा गेले तेव्हा तिला शब्द दिला होता, दोन वर्षांत पुण्याला परत येतो. ती तिथे फ्लॅटमध्ये एकटी. दर फोनला विचारायची, "मग कधीचं बघताय?" मी म्हणायचे, "कोविड जरा निवळू दे गं." कोविडच्या आडून किती थापा खपतात, ते मला त्या वर्षी कळलं.

मन खात होतं, म्हणून मी घराच्या मागे लागले. ब्रिटिश घरांच्या सजावटीचे व्हिडिओ बघायचं व्यसनच जडलं. गडद रंगाच्या भिंती, त्यांवर लाकडी पट्ट्यांचं पॅनेलिंग, फायरप्लेसवर एकच फुलदाणी, खुर्चीशेजारी मंद दिवा. त्या घरांत राहणाऱ्यांना कसली टोचणी असेल असं वाटायचंच नाही. मला तसं घर हवं होतं, आणि लगेच हवं होतं. नवरा चिडवायचा, "आयर्लंडमध्ये राहून इंग्रजांचा थाट? शेजारच्या आजी बोलायच्या बंद होतील." आजी उलट कुंपणावरून डोकावून "ग्रँड, ग्रँड" म्हणून गेल्या.

दिवाणखान्याची एक भिंत मी तीनदा रंगवली. आधी हिरवी, ती हॉस्पिटलसारखी दिसली. मग राखाडी, तिच्याकडे बघून रडूच यायचं. शेवटी गडद निळी. मग पट्ट्या कापून ठोकल्या. सोफा खिडकीकडून भिंतीकडे नेला, परत खिडकीकडे आणला. ऑफिसची मीटिंग चालू असताना कॅमेरा बंद करून दिव्याची जागा बदलून यायचे. "अगं, बस की जरा!" नवरा वैतागायचा. बसलं की आई आठवायची, हे मी त्याला सांगितलं नाही.

तिच्याशी बोलायला मी वरच्या बेडरूममध्ये जायचे. तिथली भिंत पांढरी, आधीच्या भाड्याच्या घरासारखीच. चार महिने निभावलं. एका शनिवारी सकाळी मी निळ्या भिंतीपुढे उभी राहून स्वतःचेच फोटो काढत होते. तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला आणि मी वेंधळ्यासारखा तिथेच घेतला.

आई काहीतरी हसून सांगत होती. मग तिची नजर माझ्या खांद्यामागे गेली.

"छान आहे रंग," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "वास्तुशांत केलीत?"

भाड्याच्या घरात कॅलेंडरसाठी खिळा ठोकायचा तरी मी घरमालकाला विचारायचे, हे तिला ठाऊक होतं.

"नाही गं."

"का?"

"तुला न सांगता कशी करणार?"

ती रागावेल, रडेल असं वाटलं. ते मला चाललं असतं. ती म्हणाली, "दूध आहे ना घरात? उतू जाऊ दे. मी बघते."

मी फोन ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवला, पातेलं चढवलं. नव्या घरात दूध उतू जाऊ द्यायचं, एवढंच तर होतं. पण दूध वर आलं आणि माझ्या हाताने झटकन गॅस बंद केला. जन्माची सवय.

"अगं, बंद काय करतेस!" आई ओरडली. "पुन्हा लाव."

दुसऱ्या वेळी मी हात पाठीमागे धरून उभी राहिले. दूध काठावरून सांडलं, शेगडीवर चरचरलं, माझ्या त्या देखण्या ओट्यावरून फरशीवर आलं. आईने तिथूनच हात जोडले.

"सुखात राहा," ती म्हणाली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आता इथली मोठी बेडरूम मी वापरायला काढते. ऊन चांगलं येतं तिथे. तुम्ही याल म्हणून बंद ठेवली होती."