दोन मुठींचा मेंदू

ताई दोन्ही मुठी एकमेकींना चिकटवून समोरच्याच्या नाकाशी धरायच्या आणि विचारायच्या, "हे काय होय?" समोरचा गोंधळला की स्वतःच उत्तर द्यायच्या, "मेंदू! हे डावं, हे उजवं. माह्या पोरीची वायरिंग वेगळी आहे, बिघडली नाही."

तुम्ही मनीषनगरात आमच्या बाजूला राहत असाल, तर त्या मुठी तुमच्याही नाकाशी आल्या असतील. भाजीवाला, ऑटोवाला, सोसायटीचा चौकीदार, सगळ्यांना त्यांनी मेंदू शिकवला होता. मी एमआरआयच्या मशीनवर नोकरी करतो, दिवसभर मेंदूचेच फोटो काढतो. पण शेजारी म्हणून मलाही सूट नव्हती.

हे ज्ञान त्यांना आमच्याच दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दिलेलं. बाईंचा अभ्यास ऑटिझमवर. त्यांनी सांगितलं होतं की बोलण्याचं काम बहुतेकांच्या डोक्यात डाव्या बाजूकडे झुकलेलं असतं. ऑटिझम असलेल्यांत तो झुकाव बरेचदा कमी दिसतो, दोन्ही बाजूंच्या जोडण्याही जरा निराळ्या असतात. "पण ताई, हे पुष्कळ जणांचे फोटो एकत्र पाहिले की कळतं. एकटीच्या फोटोत नाही दिसायचं."

पहिला भाग ताईंनी पाठ केला आणि दुसरा कानाआड केला. कारण घरी सासू होती. नात वयात आली तरी घरच्यांशी चार शब्द बोलत नाही, याचं सासूबाईंकडे एकच निदान होतं, "तूच बिघडवली." ताईंना अभ्यासाशी काय करायचं होतं? त्यांना सासूच्या हातात ठेवायला फोटो पाहिजे होता.

आता पंचाईत अशी, की मशीन भयंकर आवाज करते आणि पोरगी कुकरच्या शिट्टीलाही कान झाकून मोरीत जाऊन बसायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, राहू द्या. ताई म्हणाल्या, "राहू काहून द्या?"

त्यांनी घरीच तालीम सुरू केली. पोरीला दिवाणाखाली झोपवायचं, उशाशी रिकामा मिक्सर फिरवायचा आणि तिचे पाय धरून म्हणत राहायचं, "मिक्सर आहे, माय. मिक्सरच आहे." आमच्या भिंतीपलीकडे रोज दुपारी हा सोहळा. बायको वैतागून म्हणाली, "एवढी चटणी खातं तरी कोण यांच्याकडे?" एक मिक्सर जळला. ताईंनी दुसरा आणला.

आणि पोरगी झोपली हो मशीनमध्ये! घाबरल्यावर दाबायचा रबरी फुगा मी तिच्या हातात दिला होता, तो तिने नुसता पोटाशी धरून ठेवला. त्याच मशीनमध्ये मी ठाणेदाराला आईच्या नावानं ओरडताना ऐकलेलं आहे.

रिपोर्ट आला. नॉर्मल. आमच्याकडे नॉर्मल रिपोर्टवर लोक पेढे वाटतात. ताई बाकावर बसून रडल्या. घरी सासूबाईंनी तर विजयाचा झेंडाच रोवला, "मशीन म्हणते पोरगी चांगली आहे. मंग बिघडवलं कोनं?" झालं! ताईंनी ज्या विज्ञानावर भिस्त ठेवली, तेच जाऊन सासूच्या मांडीवर बसलं. पुढे कित्येक दिवस त्या मुठी कुणाच्या नाकाशी आल्या नाहीत. मला फार वाईट वाटायचं.

मग सासूबाईंना चक्कर येऊ लागली. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो लिहून दिला. तिघी आल्या.

मशीन घरघरली तशी म्हातारी किंचाळली, "काढा वं मले! जिवंत गाडून राहिले बाप्पा!" बाहेर काढलं, समजावलं, पुन्हा आत घातलं. पुन्हा तेच. ताई पाय धरायला गेल्या, तर "तू दूर राय!"

तेवढ्यात पोरगी बाकावरून उठली. केसातली पिन काढून तिने माझ्या ट्रेमध्ये ठेवली. लोखंड आत चालत नाही, हे तिला माहीत होतं. आत गेली, आजीचे दोन्ही पाय घट्ट धरले आणि आईच्याच सुरात म्हणाली, "मिक्सर आहे, माय. मिक्सरच आहे."

म्हातारी चूप. पूर्ण वेळ चूप. काचेअलीकडे मी आणि ताई, एकमेकांकडे पाहायची सोय नव्हती. दोघांचेही डोळे वाहत होते.

बाहेर आल्यावर सासूबाई बाकावर नातीच्या शेजारी येऊन बसल्या. मग सुनेला विचारलं, "हे तूच शिकवलं काय वं हिले?"

"हो," ताई म्हणाल्या. जन्मभर बोलणारी बाई, एवढंच बोलली.

सासूबाईंचाही रिपोर्ट नॉर्मल आला. तो घेताना ताई हळूच म्हणाल्या, "पाहा भाऊ, यांचाही नॉर्मल! आता मशीनवर इस्वास ठेवाव का नाही?"

यंदा ताईंच्या नवऱ्याची कुहीला बदली झाली. आमची दुपार आता शांत असते आणि ती मला खायला उठते. सामान निघालं त्या दिवशी सासूबाई ऑटोत बसल्या होत्या, मांडीवर मिक्सर. मी म्हटलं, "आजी, द्या ना, टेम्पोत ठेवतो."

त्यांनी तो पदराखाली ओढून घेतला. "राहू दे गा. पोरीच्या शिक्षणाचं सामान होय ते."