दोन थापांवर सुटलेली बस

मुलुंडहून निघालो तेव्हाच दादाचा पारा चढलेला. मी कणकवलीहून भावाकडे मुंबई बघायला आलेली, आणि निघाले कुठे, तर त्याच्या बसमधून बोरिवलीचं परीक्षेचं मैदान बघायला! खासगी बसवाल्यांना आता प्रशिक्षण सक्तीचं झालंय. चाचणी पास झालात तर मान्यता, नाहीतर गाडी उभी. दादाची एकच गाडी, तिच्यावर घर चालतं.

"मिसरूड फुटल्यापासून चालवतोय. मला काय शिकवणार हे?"

"म्हणून वर्गात झोपा काढल्यास?"

"गप बस गं!"

घाटकोपरला डोसा खाल्ला. म्हणजे मी खाल्ला. ह्याने दोन घास घेऊन बशी सरकवली. घड्याळ बघ, आरसा पूस, पुन्हा घड्याळ. त्याच्या पायी मलाही धड बसवेना. साकीनाक्याला गाडी मुंगीच्या पावलांनी. मरोळला तो ज्यांची माणसं नेतो त्या कंपनीचं फाटक दिसलं.

"नापास झालो तर एक तारखेपासून इथे दुसऱ्याची बस," तो म्हणाला.

बोरिवलीला परीक्षक बाई होत्या. वळण, चढ, गाडी मागे घेणं, सगळं झकास! मी खाली उभी राहून हरखले. मग बाई पुढच्या दारातून चढू लागल्या, आणि मागे चाक तपासणाऱ्या त्यांच्या मदतनिसाने पत्र्यावर दोन थापा मारल्या. झालं! मुंबईत मागून दोन थापा म्हणजे 'चल'. दादाने गाडी सोडलीच. बाई दांडीला लटकल्या, एक चप्पल खाली. मी किंचाळले. करकचून ब्रेक.

"कोणी सांगितलं निघायला?" एकाच चपलेवर उभ्या बाई ओरडल्या.

"थाप पडली ना, मॅडम."

"आणि दाराकडे कोण बघणार?"

दादा नापास.

परतताना तो दर सिग्नलला मागे वळून दाराकडे बघत होता. मी मात्र मुलुंडपर्यंत त्या मदतनिसाचा उद्धार करत होते. वाट लावली मेल्याने!

दारातच वहिनीला कळलं. ती हळूच म्हणाली, "तोपर्यंत शेजारच्या भावजींच्या मान्यतेवर चालवा ना. कोण बघतंय?"

"नको," दादा म्हणाला. चिडला की तो मालवणी बोलतो; आज चिडलेला नव्हता, तरी बोलला. "आजपर्यंत कोण पडूक नाय (पडलं नाही), ता माझा नशीब गो. मी समजत होतंय, माझो हात (माझं कसब). गाडी उभी रवांदे (राहू दे). पयलो शिकतंय (आधी शिकतो)."

वहिनी रडली. मलाही रडू आलं.

गावी सगळे विचारतात, मुंबईत काय बघितलंस? काय सांगू! भाऊ नापास होऊन घरी बसलेला बघितला, आणि त्याचा इतका अभिमान मला जन्मात वाटला नव्हता.