बाळ्याची चौथी बॅटरी

आपटा गावाच्या वरच्या अंगाला, पाताळगंगेकडे उतरणाऱ्या वहाळाच्या काठी कातकऱ्यांची एक वाडी आहे. त्या वाडीत बाळ्याला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि ओळखतात ते त्याच्या उजेडावरून. पावसाळ्यात दिवेलागण झाली की इथली माणसं भातखाचरांच्या बांधांवर मुठे धरायला निघतात. मुठा म्हणजे शेतातला काळा खेकडा. दिवसा बिळात दडतो, अंधारात बाहेर येतो आणि अंगावर उजेड पडला की जागच्या जागी थिजतो. या कामाला दोन माणसं लागतात. उजेडवाला पुढे, करंडीवाला मागे. मागच्याने इकडेतिकडे बघायचं नाही आणि स्वतःची अक्कल चालवायची नाही. पुढच्याचं पाऊल उचललं की तिथे आपलं टाकायचं. बिळाच्या तोंडाशी ओल्या चिखलाच्या ताज्या गोळ्या असल्या तर आत मुठा, तोंड गुळगुळीत असलं तर आत लांबडं. लांबडं म्हणजे काय, ते शेतात उभं राहून कुणी उच्चारत नाही. उजेडवाल्याने बघायचं आणि 'घाल' किंवा 'सोड' एवढंच म्हणायचं. 'घाल' म्हटलं की मागच्याने खांद्यापर्यंत हात बिळात घालायचा. त्यात 'का' आणि 'खरंच का' असं विचारायची पद्धत नाही.

बाळ्याचं 'घाल' कधी चुकलं नव्हतं. वाळल्या झावळ्यांची चूड पेटवून नेत तेव्हापासून उजेड त्याच्याच हातात. पुढे तीन सेलांची पत्र्याची बॅटरी आली तेव्हाही त्याच्याच. "काल बाळ्याच्या उजेडात गेलतो," असं लोक सांगायचे, ते एखाद्याने मोठ्या माणसाच्या गाडीत बसून आल्याचं सांगावं तसं. आता त्याच्या मागे करंडी घेऊन त्याचा थोरला, सुदाम, चालत असे. सुदामचं लग्न झालं होतं, मनिषाच्या मांडीवर तान्हं पोर होतं. वीटभट्ट्या पावसाळ्यात बंद, जमीन नावालाही नाही, म्हणून चार महिने त्या घराची चूल बाळ्याच्या उजेडावर आणि सुदामच्या हातावर पेटायची.

आणि असा हा बाळ्या रातांधळा झाला होता.

एका रात्रीत झाला नाही. आधी बांधाच्या कडा दिसेनाशा झाल्या. मग उजेडाचं वर्तुळ ताटाएवढं राहिलं, मग वाटीएवढं. गावच्या शाळेत डोळे तपासायचं शिबिर लागलं तेव्हा तो घरी न सांगता जाऊन बसला. वाडीतल्या म्हाताऱ्या हिरवी पट्टी बांधून येतात आणि आठवड्याभरात सुईत दोरा ओवतात, हे त्याने पाहिलं होतं. आपलाही मोतीबिंदू निघावा म्हणून तो देवाला नवस बोलला. मोतीबिंदू व्हावा म्हणून नवस करणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ डोळ्यांत बघितलं आणि समजुतीने सांगितलं, की आतला पडदा सुकत चाललाय. दिवसाचं अजून बरीच वर्षं दिसेल, अंधारातलं मात्र परत यायचं नाही. याला चष्मा नाही आणि ऑपरेशनही नाही. बाळ्या घरी आला आणि बायकोला म्हणाला, डाक्तर बोलली डोळे झ्याक हायत.

शुक्रीने विश्वास ठेवला. भर दुपारी डोंगरावरची घार दाखवणाऱ्या नवऱ्याच्या डोळ्यांवर कोण संशय घेईल?

मग त्याने दोष बॅटरीवर टाकला. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आपण दुसऱ्याला हसून म्हणतो. पण ज्याला नाचल्याशिवाय पोटाला मिळत नाही त्याने अंगणाला बोल लावला तर त्यात हसण्यासारखं काही नाही. आणि जगही त्याला फूस लावायला टपलेलंच होतं. दर वर्षी बाजारात नवा उजेड येत होता, गेल्या सालापेक्षा पांढरा, लांब जाणारा आणि स्वस्त. सेल भरायची बॅटरी गेली, चार्जिंगची आली. डोळा विझत चालला होता आणि दुकानातला उजेड वाढत चालला होता. कधी ना कधी दोघांची गाठ पडेल, या आशेवर बाळ्या जगत होता.

पत्र्याची जुनी बॅटरी त्याने मोडीत घातली. दुसरी बाजारच्या पालावरून आणली, प्लॅस्टिकची, तोंडाशी बारीक दिव्यांचा झुबका असलेली. एकदा खाचरात पडली, आत पाणी गेलं आणि ती मेली. तिसरी डोक्याला बांधायची. ती खरोखर चांगली होती. दोन्ही हात मोकळे राहात आणि सुदामही तिला नावं ठेवत नव्हता. पण तिच्या उजेडातही बाळ्याला वाटीएवढंच दिसे. फरक इतकाच, की वाटी आता जास्त लख्ख झाली होती.

असं असूनही तो पुढे चालत राहिला, कारण झाकली मूठ सव्वा लाखाची. उजेड दुसऱ्याच्या हाती गेला तर पकड अर्धी त्याच्या घरी जाणार, हे एक. दुसरं, उजेडाविना लोक बाळ्याला ओळखणार कशावरून? जुन्या सवयीने त्याला बांध पाठ होते आणि बिळं चाचपून कळत, म्हणून निभावलं. पण दिवस कलायला लागला की तो बॅटरी पेटवून-विझवून बघत राहायचा. तो भ्यायचा, जिवाला भ्यायचा, आणि तो जीव त्याचा नव्हता, सुदामचा होता.

लावणी उरकल्यानंतरची गोष्ट. एका बिळाशी त्याने 'घाल' म्हटलं आणि सुदामने हात घातला तो झटकन बाहेर काढला. त्याच्यामागून विरोळा निघाला आणि पाण्यात सळसळत गेला. विरोळा म्हणजे पाण्यातलं बिनविषारी जनावर. सुदाम हसला. वाडीत ही गंमत सांगितली तेव्हा सगळेच हसले, की आज बाळ्या फसला. बाळ्याला त्या रात्री भाकरी गिळवेना. त्या बिळाचं तोंड गुळगुळीत असणार आणि आपण चिखलाच्या गोळ्या पाहिल्याचं सोंग आणलं, हे एकट्या त्यालाच ठाऊक होतं. विरोळ्याच्या जागी दुसरं कुणी असतं, तर आज मनिषाचं कपाळ पांढरं झालं असतं.

माणसाने यावर खरं सांगून टाकावं. बाळ्याने काय केलं, तर दुसऱ्या दिवशी मुठ्यांची करंडी घेऊन पनवेलची वाट धरली. करंजाड्याच्या उंच इमारतींखाली बसून मुठे विकले, आणि पदरात पडलं ते तसंच मुठीत धरून टपाल नाक्याच्या पुढे प्रभाकरशेठच्या विजेच्या सामानाच्या दुकानात गेला. रात्री मुठे धरायला सगळ्यात मोठ्या उजेडाची बॅटरी द्या, म्हणाला.

प्रभाकर सरळ माणूस होता, गिऱ्हाईक फाटकं दिसतं म्हणून वाटेला लावणाऱ्यातला नव्हता. त्याने दोन बॅटऱ्या काचेवर ठेवल्या आणि नीट समजावलं. खोक्यावर वॉटचे आकडे काहीही छापतात, त्यांना भुलू नका. या लहानीची बॉडी ॲल्युमिनियमची आहे, झाकणाला रबराची रिंग आहे, पाण्यात पडली तरी मरणार नाही. आतला सेल बदलता येतो, मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होते, मध्यम उजेडावर रात्रभर चालते. ही मोठी दिसायला जोरदार, पण तासाभरात तापते, मग उजेड आपोआप खाली येतो, आणि सेल आत चिकटवलेला, तो गेला की बॅटरी फेकायची. शेतात ओलावा असतो, धुकं असतं, फार पांढरा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. टिकाऊ हवी असेल, पैसे वसूल व्हायला हवे असतील, तर लहानी.

बाळ्याला हे सगळं पटलं. दुसरा कुणी असता तर लहानी खिशात घालून दुवा देत गेला असता. पण तो मोठीकडे बोट दाखवून म्हणाला, "ही द्या."

"मामा, मुठे धरायला एवढा फोकस कशाला लागतो तुम्हाला?"

प्रभाकरने दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत त्याला नेलं, लहानी पेटवली आणि समोरच्या फळीवरचे पंखे दिसतात का विचारलं. दिसतात, बाळ्या म्हणाला. मग मोठी पेटवली. आता जास्त झ्याक दिसतात, बाळ्या म्हणाला. प्रभाकरने मोठी विझवली. फळीवर पंखे नव्हते, वायरींची भेंडोळी होती.

"मामा," तो हळू आवाजात म्हणाला, "बॅटरी राहू द्या. आधी डोळे दाखवा कुठेतरी."

यावर बाळ्या भडकला. तुमाला माल इकायचा हाय का नाय, असं काहीबाही बोलला, पैसे काचेवर टाकले आणि मोठी घेऊन बाहेर पडला. रस्त्यावरच्या भर उन्हात मात्र तो जागीच थांबला. ज्याला आपलं नावही ठाऊक नाही अशा माणसाने आपल्याला ओळखलं, मग घरचे किती दिवस ओळखणार नाहीत? कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. एस.टी.त बसून तो बॅटरीचं खोकं पोटाशी धरून रडला. बाजूच्या बाईने विचारलं, तेव्हा दाढ दुखते म्हणाला.

संध्याकाळी नवी बॅटरी बघायला अर्धी वाडी जमली. वहाळापलीकडच्या आंब्याची पानं मोजता यावीत असा तिचा झोत होता. शुक्रीने कौतुकाने तिच्यावरून हात फिरवला. बाळ्याने झोत आंब्यावर धरला आणि त्याला पांढऱ्या धुरापलीकडे काही दिसलं नाही. तेवढ्यात सुदामने करंडी उचलली, म्हणून निघावं लागलं.

खाचरांत धुकं उतरलं होतं. पाठ असलेले बांध पायाखाली येत होते तोवर चाललं. मग मधल्या बांधाला पावसाने खिंडार पडलेलं निघालं, ते बाळ्याला पाय आत गेल्यावर कळलं. सावरून तो उभा राहिला आणि तिथून पुढे कुठल्या अंगाला आहोत, हे त्याला कळेना. बॅटरी हातात गरम झाली होती. मागून सुदामचा आवाज आला.

"बा, हितं एक बीळ हाय. पायाला लागलं. हात घालू?"

बाळ्याने झोत खाली धरला. पांढरं दिसलं. तो उकिडवा बसला, बॅटरी अगदी जवळ नेली. आणखी पांढरं दिसलं. बोटांनी चाचपावं तर सुदामच्या पायाने बिळाचं तोंड चेपलं होतं, गोळ्या की गुळगुळीत ते कळणार नव्हतं.

"बा, घालू काय?"

घाल म्हणायला एक शब्द लागतो. सोड म्हणायलाही एकच लागतो, आणि आज सोड म्हटलं असतं तर आजची रात्र गेली असती. पण उद्याची होती, परवाची होती, उभा पावसाळा होता. रोज रोज याच पोराच्या हाताचा जुगार आपण खेळायचा, हे त्याला एकाएकी सोसेना.

"नको घालू," तो म्हणाला. "मला दिसत नाय, सुदाम. बॅटरीचा दोष नाय. माजं डोळंच गेलं."

मग त्याने सगळं ओकून टाकलं. शिबिर, डॉक्टरीणबाई, विरोळा, प्रभाकरशेठ. बापाने आपला हात कशाकशात घालायला लावला हे आता सुदामला कळत असणार, असं बाळ्याला वाटलं. त्याने बॅटरी पुढे केली.

"हे घे. आजपास्नं उजेड तुजा. मी मागं चालतो."

सुदामने हात पुढे केला नाही. बाळ्याने पुन्हा म्हटलं, घे ना रं.

"मला देऊन काय उपेग, बा," सुदाम म्हणाला. "दिवस मावळला का मलाबी कडंचं दिसत नाय. गेल्या सालापास्नं. मी तुज्या टाचा बघून चालतो. म्हनलं, बा पुढं हाय तवर कुनाला सांगाचं?"

बाळ्या चिखलात बसला. त्याला बाप आठवला. बापानेही उतारवयात संध्याकाळनंतर उंबरठा ओलांडला नव्हता, आणि भट्टीच्या धुराने डोळे गेले असं सगळे म्हणत. धूर नव्हता तो. मग त्याला मनिषाच्या मांडीवरचं पोर आठवलं, आणि पुढचं मनात येऊ नये म्हणून त्याने सुदामचा हात चाचपून धरला. एरवी खांद्यापर्यंत बिळात जाणारा तो हात थंड पडला होता. एवढ्या वर्षांत तो कधी आपल्या हातात घेतला नव्हता, हे त्याला तेव्हा कळलं.

पुढे जाता येईना, मागे फिरायलाही वाट दिसेना. चहूकडे पाणी वाजत होतं. मुठे धरताना शेतात हाक मारायची नाही असा शिरस्ता आहे, ती ऐकून मुठे बिळात शिरतात. बाळ्याने तो जन्मभर पाळला होता. त्याने बॅटरीचं तोंड वाडी ज्या अंगाला असेल असं वाटलं तिकडे केलं आणि जिवाच्या आकांताने ओरडला,

"शुक्रे, ये गं. आमा दोघांना न्यायाला ये."