भावासाठी नेलेल्या गोळ्या

आमच्या साताऱ्याच्या घरात संध्याकाळी एक परदेशी मालिका लागायची, हिंदीत डब केलेली. एक कामधंदा नसलेला माणूस गोळी घेतो आणि त्याचं डोकं असं चालायला लागतं की पोलिसांना न सुटलेले खून तो बसल्याजागी सोडवतो. माझे वडील, आबा, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. एरवी बातम्यांपलीकडे काही न बघणारे आबा ती मालिका कधी चुकवायचे नाहीत. एकदा आईला म्हणाले, "आपल्या पोराला आसली गोळी पायजे बघ. डोकं हाय त्याला, निस्तं ध्यान लागंना."

पोरगं म्हणजे माझा धाकटा भाऊ. सांगलीत विश्रामबागेला खोली घेऊन तो डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचा क्लास करत होता. आदल्याच वर्षी त्या परीक्षेतून मला सरकारी कॉलेज मिळालं होतं, पण ते लांब विदर्भात. "पोरीला एवढ्या लांब कोण धाडतंय?" एवढं बोलून आबांनी विषय संपवला. मी साताऱ्यातच बी.एस्सी.ला गेले.

मालिका खोटी असते हे आबांना कळत होतं. तरी त्यांनी ओळखीच्या मेडिकलवाल्याला विचारलं, आणि त्यानं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय गोळ्यांचं एक पाकीट दिलं. "ह्यानं पोरं तासन् तास बसत्यात म्हणं," असं सांगून आबांनी ते माझ्या हातात ठेवलं. दर रविवारी भावाचा डबा घेऊन मीच सांगलीला जायची.

एसटीत मी पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊ नये, झोप उडते, छातीत धडधड होऊ शकते. कराडच्या स्टँडवर उतरून मी फोन केला. "आबा, ह्या गोळ्या डॉक्टरला विचारल्याबगर द्यायच्या न्हाईत."

"तू डॉक्टर हायस व्हय गं?"

मी पाकीट भावाला दिलं. कुणी मला जबरदस्ती केली नव्हती, ते कृष्णेत टाकता आलं असतं. पण त्या वेळी मनात एक कडू विचार होता, तोही सांगते: मला थांबवून ज्याला डॉक्टर करायला निघालेत, त्याला हुशार करायला गोळी लागते, तर घेऊ दे.

सुरुवातीला तो खूष होता. फोनवर म्हणायचा, "ताई, लय भारी वाटतंय, वाचलेलं ध्यानात राहातंय." मग डबे न संपता परत यायला लागले. तो झपाझप बोलायचा, मधेच थांबून बोटं मोडत बसायचा. आबा देतील ती पाकिटं मी नेतच राहिले. परीक्षा आठवड्यावर असताना, भर दुपारी, तो क्लासच्या जिन्यात कोसळला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रिकामी पाकिटं पुढे ठेवली. "हे कुणी दिलं याला?"

आबा खुर्चीत ताठ बसले होते. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हिनं आणून दिल्या."

वाक्य खरंच होतं. बाईंनी मला सगळ्यांदेखत झापलं, "सायन्स शिकतेस ना तू? भावाच्या जिवाशी खेळतेस?" मी आबांकडे बघितलं. ते सलाइनच्या बाटलीकडे बघत होते. आईनं पदर तोंडाला लावला.

भाऊ वाचला. परीक्षा बुडाली, पुन्हा त्यानं दिली नाही. आता तो साताऱ्याच्या एमआयडीसीत सुपरवायझर आहे. चारचौघांत बोलताना उजवा हात खिशात ठेवतो, कारण तो थरथरतो. खरं काय ते त्याला माहीत आहे. एकदा म्हणाला, "ताई, आता आबांचं वय झालंय. तू नको काय बोलू."

माझं लग्न म्हसवडला झालं. पाव्हण्यांत कुठं मुलाचा विषय निघाला की आबा अजून सांगतात, "डॉक्टरच व्हायचं पोरगं, पण थोरलीनं कसल्या गोळ्या चारल्या." सासूबाईंच्या कानावर ते केव्हाच आलंय. माझ्या मुलीला ताप आला तरी औषधाचा चमचा त्या माझ्या हातातून काढून घेतात आणि स्वतः पाजतात.