टाक्याच्या लेकीचा फळा

पंचशीलानं लातुरातल्या त्या क्लासमध्ये नोकरी धरली ती पगारासाठी नव्हे. हदगावच्या शाळेत तिचं बरं चाललं होतं, नवरा देगलूर डेपोत कंडक्टर होता, घरात खाणारी तोंडं दोनच. ती लातूरला आली ती डूख धरून. शिवशंकर सर हे नाव कानावर पडलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. हा माणूस रोज डोळ्यांसमोर असावा, आणि एक दिवस भरल्या सभेत त्याला तोंड लपवायला जागा मिळू नये, एवढंच तिला हवं होतं. माणसं नवसाला काय काय मागतात. हिचं मागणं तसं साधंच म्हणायचं.

शिवशंकर सर म्हणजे बडं प्रस्थ. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघाले होते, मराठवाडाभरातून पोरं ट्रंका आणि आईची शपथ घेऊन उतरायची, आणि त्यातली निम्मी सरांच्या दारात रांग लावायची. सर भौतिकशास्त्र झकास शिकवायचे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण खरी कीर्ती होती ती त्यांच्या तीस सप्टेंबरच्या भाषणाची. त्र्याण्णवच्या किल्लारीच्या भूकंपात त्यांचं सावळवाडीचं घर त्यांच्या अंगावर आलं. धाकटी बहीण गेली. सर तेव्हा दहावीत होते. आवाज खाली आणून ते सांगायचे, "मी मेलोच होतो. आणि दगडांतून एक हात आत आला. हिरवी बाही होती. त्या जवानाचं नावसुद्धा मला माहीत नाही, पण त्याच्या ऋणात मी मरेपर्यंत आहे." पोरी रडायच्या, पालक डोळे पुसायचे, आणि पुढच्या वर्षाचे प्रवेश तिथल्या तिथे ठरायचे.

खोटं. साफ खोटं. तो हात पंचशीलाच्या बापाचा होता आणि त्याला बाहीच नव्हती, कारण ज्ञानोबा जन्मभर बंडी घालत आला.

सावळवाडीत ऐपतवाल्यांची घरं दगडमातीची, वर मातीचं जाड माळवद. ज्ञानोबाचं खोपटं बौद्धवस्तीत, वर नुसता पत्रा. गणपती बुडवून गाव झोपलं होतं आणि पहाटे जमीन हलली, तेव्हा ज्याच्या घरी दगड होते त्याच्या अंगावर दगड आले, ज्ञानोबाच्या अंगावर पत्रा आला. तो सारून, चौथीतल्या, बिनआईच्या लेकीला उचलून तो बाहेर पडला. तिला बाभळीखाली बसवलं आणि शेषेरावच्या घराकडे पळाला, कारण तिकडून पोराच्या ओरडण्याचा आवाज येत होता. शेषेराव म्हणजे शिवशंकरचे वडील. ज्या घराचा उंबरा ज्ञानोबानं कधी ओलांडला नव्हता, त्या घरावर चढून तो देवघराच्या बाजूनं हातांनी उकरत राहिला. दिवस चांगला वर आला तेव्हा शिवशंकर बाहेर निघाला. मिलिटरीच्या गाड्या त्यानंतर आल्या. ज्ञानोबाची बोटं सोलून निघाली होती. गेलेली नखं पुढे आली, पण दोन वाकडीच आली.

आणि याचं बक्षीस काय मिळालं?

शेषेरावच्या देवघरात टाक होते, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकून काढलेले कुळाचे देव, खंडोबा, तुळजाभवानी आणि बाकीचे. सगळा ढिगारा उपसला तरी टाक निघाले नाहीत. पोरगी गेल्यापासून शेषेरावचं डोकं ठिकाणावर नव्हतं, पण बोट दाखवायच्या वेळी ते बरोबर ठिकाणावर आलं. देवघराकडून कोण उकरत होतं? ज्ञानोबा. मदतीच्या शेडपुढे जेवणाची रांग लागली होती, त्या रांगेतून, गावादेखत, हातातल्या थाळीसकट पोलिसांनी त्याला नेलं. परत आला तेव्हा त्याला खाली बसता येत नव्हतं. काही सापडलं नाही म्हणून ठाण्यानं सोडलं, सावळवाडीनं मात्र नाही सोडलं. नवं गाव वसलं आणि त्यात ज्ञानोबाला नवं नाव मिळालं, टाक्या. शाळेत पंचशीला 'टाक्याची' झाली. पोरं तिच्या दप्तरात हात घालून देव शोधायची. शेवटी मावशीनं तिला नांदेडला नेलं. तिथं ती शिकली, बी.एड. झाली, तिथंच लग्न झालं. बाप गावातच राहिला. "म्या गाव सोडलं तर चोर पळाला म्हनतील," म्हणायचा. तीस सप्टेंबरला सगळं गाव स्मृतीच्या चौथऱ्याशी जमायचं आणि हा दार लावून आत बसायचा.

लग्नानंतरचं आडनाव आणि नांदेडचा पत्ता यांमुळे शिवशंकर सरांना तिची ओळख लागली नाही. मुलींच्या वसतिगृहाची जबाबदारी आणि फळा, अशी दोन कामं तिच्याकडे आली. क्लासच्या आवारातली एक भिंत काळी रंगवली होती आणि तिच्यावर रोजचा दिनविशेष लिहायचा. सतरा सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम, चौदा ऑक्टोबरला नागपूरची धम्मदीक्षा, कोणाची जयंती, कोणाची पुण्यतिथी. पंचशीलाचं अक्षर असं की पोरं येताजाता थांबून वाचायची. प्रार्थनेनंतर एक विद्यार्थिनी माइकवर तो मोठ्यानं वाचायची, आणि सरांचा दंडक असा की फळ्यावर आहे ते अक्षर न् अक्षर वाचायचं, मनाचं घालायचं नाही, गाळायचंही नाही. सुरुवातीला सर स्वतः फळा तपासायचे. पंचशीलानं कधी एक वेलांटी चुकवली नाही, तेव्हा त्यांनी तपासणं सोडून दिलं. तिला तेच हवं होतं, पण लिहायचं काय हे अजून हातात नव्हतं. बापानं वाचवलं, असं लिहिलं असतं तर सरांनी ते हसण्यावारी नेलं असतं. टाक्याची लेक, दुसरं काय लिहिणार!

ते हातात आलं नवरात्रात. सरांची आई केवळाबाई क्लासच्या वरच्या मजल्यावर राहायची. पाय अधू, जिना उतरणं नाही, त्यामुळे कोणी वर आलं की बाई सोडायची नाही. पंचशीला वसतिगृहातली फुलं घेऊन वर गेली आणि घटापुढे मांडलेले चांदीचे टाक पाहून खाली वाकली.

"हे टाक लई जुने दिसतात की, आजी," ती कसंबसं म्हणाली.

"आमच्या सासऱ्याच्या आज्याचे हायती. भूकंपात सापडंनात, गावभर बोंब झाली. आन् होते कुटं? पेवात!" म्हातारी स्वतःच हसली. पेव म्हणजे ज्वारी साठवायला घरातच खणलेली खोल कोठी. "त्या सालाआधी बारके बारके हादरे बसायलते बघ. मला भ्या वाटायचं, देव पडतेल, भंगतेल. म्हून गनपती बुडवायच्या सांजंला मीच ते लुगड्यात गुंडाळून पेवात ठिवले. भुईतल्या देवाला भुईचं काय भ्या! मग रातीच सगळं झालं. माझी पोरगी गेली, माझा पाय गेला, मी सोलापूरच्या दवाखान्यात पडून. ध्यानच न्हाई राहिलं."

"आणि सापडले कधी?"

"लई सालानं. जुन्या गावातले दगड गोठ्याला आनायलते, तवा पेव उघडं पडलं. शिवानंच वर काढले."

"त्यांच्यापायी एका माणसाला मारलं होतं म्हणतात."

केवळाबाईनं वातीकडे हात नेला आणि तसाच थांबवला. "हाव. मला ते मागून कळलं. मालक म्हनले, आता उकरून काय करायचं, गप बसायचं. शिवा बी हाव म्हनला. मला कुनी इचारलंच न्हाई, बाई. ना तवा, ना आता."

पंचशीला खाली आली, वसतिगृहाच्या मोरीत गेली आणि नळ सोडून पोटभर रडली. दुःखानं नाही, संतापानं. शेषेराव तर मरून गेला होता, त्याचं काय वाकडं करणार? पण शिवशंकरला माहीत होतं! स्वतःच्या हातांनी त्यानं ते देव वर काढले होते आणि त्यानंतरही दरसाल त्या माइकवर हिरवी बाही चढवत होता. त्या वर्षीचा तीस सप्टेंबर सरून गेला होता. मग तिनं पुढच्याची वाट पाहिली. रोज फळा लिहिला, रोज "नमस्कार सर" म्हटलं, आणि राग गार होऊ दिला नाही. असला राग राखायलाही हिंमत लागते. आपण असतो तर दुसऱ्याच दिवशी सरांच्या अंगावर धावून गेलो असतो आणि संध्याकाळी नांदेडची गाडी धरली असती.

पुढच्या वर्षी भूकंपाला वीस वर्षं होत होती, त्यामुळे सरांनी कार्यक्रम दणक्यात ठेवला. आवारात मांडव, पालक आलेले, केवळाबाईलाही खुर्चीसकट खाली आणून पुढच्या रांगेत बसवलेलं. एका निवृत्त सुभेदारांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं. त्यांना शाल द्यायची आणि त्यांच्या हस्ते दिनविशेषाच्या फळ्याचं अनावरण, अशी सरांचीच टूम. फळ्यावर पडदा सोडला होता. पडद्यामागे काय लिहिलंय ते पंचशीलाखेरीज कोणालाच माहीत नव्हतं.

शाल झाली. सुभेदारांनी दोरी ओढली, पडदा सरकला, टाळ्या पडल्या. माइकवर अर्शी होती, उदगीरच्या शिंप्याची मुलगी, खणखणीत आवाजाची. तिनं वाचायला सुरुवात केली.

"तीस सप्टेंबर. एकोणीसशे अडतीस, म्युनिकचा करार. एकोणीसशे त्र्याण्णव, किल्लारी परिसरात भूकंप. या दिवशी सावळवाडीच्या ज्ञानोबा यांनी नुसत्या हातांनी ढिगारा उकरून शिवशंकर यांना जिवंत बाहेर काढले. तेव्हा जवान आले नव्हते. ज्ञानोबांच्या अंगात बंडी होती."

अर्शीचा आवाज अडखळला. तिनं सरांकडे पाहिलं. सर उभे राहिले होते, पण दंडक त्यांचाच होता आणि पोरगी शिस्तीची. ती पुढे वाचत गेली.

"त्यानंतर देवांचे टाक चोरल्याच्या आरोपावरून त्याच ज्ञानोबांना मारण्यात आले. पुढे ते टाक शेषेराव यांच्याच पेवात सापडले. शिवशंकर यांनी ते स्वतः वर काढले. दोन हजार तेरा, आजपर्यंत त्यांनी हे कोणाला सांगितलेले नाही."

सरांनी माइक हिसकावला. "हा खोडसाळपणा आहे! कोणी लिहिलं हे?"

"मी," पंचशीला म्हणाली. "टाक्याची पोरगी."

"हे सगळं खोटं..."

"शिवा!" पुढच्या रांगेतून केवळाबाई ओरडली. तिला आयुष्यात पहिल्यांदा कोणी न विचारता बोलावंसं वाटलं असावं. "खोटं काय त्यात? मीच ठिवले होते. तूच काढले. बस की आता."

सुभेदारांनी खांद्यावरची शाल काढली, नीट घडी केली आणि टेबलावर ठेवली. सर आत निघून गेले. मुलींनी फळ्याचे फोटो काढले, आणि मग पुसून काय उपयोग? संध्याकाळपर्यंत ते सावळवाडीत पोचले होते. पंचशीलाची नोकरी त्याच दिवशी गेली. ट्रंक उचलून ती नांदेडला न जाता बापाकडे गेली.

तिला वाटलं होतं, बाप खूश होईल. ज्ञानोबानं फोटो पाहिला, लेकीकडून दोनदा वाचून घेतला आणि म्हणाला, "हे तू बोललीस. त्यो कुटं बोलला?"

पण बोलायची वेळ लगेचच आली, कारण त्याच आठवड्यात घटस्थापना होती आणि केवळाबाई घट बसवायला तयार होईना. "असल्या देवाफुडं मी दिवा लावत नसते," म्हणून तिनं अन्नपाणी सोडलं. आईपुढे शिवशंकरचं चालेना. तो गाडीत आईला आणि लाल फडक्यात टाक घेऊन सावळवाडीला आला. गाव गोळा झालंच. ज्ञानोबाच्या ओसरीपुढे उभं राहून तो पुटपुटला, "चुकलं आमचं."

"मोठ्यानं," पंचशीला म्हणाली. "शेवटच्या बाकावर ऐकू गेलं पाहिजे. तुम्हीच शिकवता ना तसं?"

मान खाली घालून त्यानं मोठ्यानं सांगितलं. कोणी काढलं, कोणाला मारलं, टाक कुठे होते, सगळं. पंचशीला एकेक शब्द ऐकत होती आणि तिला वाटत होतं, अजून, अजून. वीस वर्षं एवढ्यात फिटतात होय?

मग ज्ञानोबा म्हणाला, "ज्याच्यापायी मार खाल्ला ते हाय तरी कसलं, बघू दे. म्या कधी पाह्यलंच न्हाई."

केवळाबाईनं फडकं त्याच्या हातात दिलं. त्यानं ते सोडलं. वाकड्या नखाच्या बोटांनी एकेक देव उचलून उजेडात धरला. तळहातावर सगळे मावत होते.

"एवढुसेच?" तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. पंचशीलानं बापाला असं कधी पाहिलं नव्हतं. लगेच त्यानं फडकं परत बांधलं आणि स्वतःच्या मांडीखाली घेतलं. "ऱ्हाऊ दे आता हितंच. शिक्षा आधी भोगून झाली, चोरी आता करतो."

"अहो, घटाला देव लागतात," शिवशंकर कळवळून म्हणाला. "आणि तुमच्यात तर देव पुजत नाहीत."

"न्हाई पुजत. पन ऊन-पाऊस लागू देनार न्हाई. लागले की येत जा, मागून न्हेत जा, परत आनून देत जा."

शिवशंकरनं आईकडे पाहिलं. केवळाबाई म्हणाली, "त्याचेच हायती ते, शिवा. चल."

तेव्हापासून दर घटस्थापनेला सकाळीच सावळवाडीत मोठी गाडी येते. शिवशंकर सर बूट काढून ज्ञानोबाच्या ओसरीखाली उभे राहतात आणि म्हणतात, "देव द्या." पंचशीला पुन्हा हदगावच्या शाळेत लागली आहे, त्या दिवशी ती मुद्दाम रजा काढून आलेली असते. ज्ञानोबा आतूनच हाक देतो, "थांब जरा, जेवून घेतो," आणि लेकीला सांगतो, "अजून एक भाकर टाक."